पाकिटातलं शाकाहारी 'मटण' की घरची उसळ?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. हा प्रश्न आमच्या घरात रोज निघतो, म्हणून इथे मांडतोय.

माझ्या मुलाने मांसाहार पूर्ण सोडला, आता दूध-दहीही घेत नाही. प्राण्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून कोणी आपलं जेवण बदलत असेल तर मला त्याचा आदरच वाटतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण फ्रीजरचा एक कप्पा आता वनस्पतींपासून बनवलेला खिमा, नगेट्स आणि सीख कबाब यांनी भरलेला असतो. आठवड्यातले बरेच दिवस त्याचं जेवण त्यावरच होतं, आणि हिने केलेली मटकीची उसळ मात्र आम्ही दोघंच खातो.

एका पाकिटाची मागची बाजू वाचली. वाटाण्याचं प्रोटीन आयसोलेट, सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, गव्हाचं ग्लुटेन, रिफाइंड तेल, मेथिलसेल्युलोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, फ्लेवर, मीठ. यातलं तेल आणि मीठ सोडलं तर आमच्या स्वयंपाकघरात एकही जिन्नस सापडणार नाही.

ज्या घरात मूग, मटकी, चवळी, वाल, कुळीथ, हरभरा आलटून पालटून शिजतो, त्या घरात या पाकिटांचं काही काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, उसळ चांगलीच आहे, पण ती खिम्याच्या जागी येत नाही." आहारशास्त्र शिकलेल्यांनी आणि ज्यांनी स्वतः मांस सोडलंय त्यांनी जरूर लिहा.

घाटवाट

काका, मी तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितोय, कारण मीही त्याच वाटेवर आहे.

पुण्यात वाढलो, रविवारी घरी मटण ठरलेलं. चव आवडत नव्हती म्हणून मी मांस सोडलं नाही. चव आजही आवडते. फक्त माझ्या जिभेसाठी एखादा जीव जावा हे मला पटेनासं झालं. अशा माणसाला पहिल्या वर्षात सगळ्यात अवघड काय जातं, तर सवय. मित्र तंदुरीच्या गाडीवर थांबतात, घरात रश्श्याचा वास सुटतो. त्या वेळी हातात कबाब असला की मन दुसरीकडे धावत नाही. ती वेळ निभावून नेणं माझ्या दृष्टीने फार मोठं काम आहे.

दुसरं, 'प्रक्रिया केलेलं' म्हटलं की सगळं एकाच मापात मोजलं जातं. सोयाबीनच्या वड्या आपल्याकडे कितीतरी वर्षं घरोघरी शिजतात. त्याही कारखान्यातच होतात. तेल काढून उरलेलं सोयापीठ एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून दाबाखाली आणि उष्णतेत बाहेर काढलं की तो चिवट, जाळीदार पोत येतो. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीने १९६० च्या दशकात ते तंत्र बाजारात आणलं. पाकिटातला खिमा हा त्याच घराण्यातला पुढचा भाऊ आहे. वडी चालते तर खिमा का चालू नये?

आणि मूळ प्रश्न आरोग्याचा असेल तर स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा २०२० सालचा प्रयोग वाचा. ३६ जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य मांस खाल्लं. वनस्पतिजन्य टप्प्यात एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल कमी झालं, वजनही थोडं उतरलं.

कुडाळचो

सगळा वाचलंय. आमका श्रावणात मटणाची आठवण येणा नाय, आणि आम्ही मासे-मटण जीव ओवाळून खाणारी माणसं आहोत! कारण काळ्या वाटाण्याचं सांबारं.

घाटवाट, तुमचं म्हणणं मनापासून पटतं की सवय सुटणं कठीण असतं. पण आमच्याकडे ही सोय आजी-पणजीने करून ठेवलेली आहे. मांसातलं आपल्याला आवडतं काय? माझ्या मते निम्म्याहून जास्त वाटप. कांदा आणि ओलं खोबरं विस्तवावर तांबूस होईपर्यंत भाजलेलं, त्यात धणे, मिरी, लवंग, बडीशेप, थोडी खसखस, आणि वर मालवणी मसाला. तेच वाटप काळ्या वाटाण्यांना लावलं की रश्श्याला तोच दाटपणा, तोच वास, तीच तर्री. वाटाणे रात्रभर भिजवा, चांगले मऊ शिजवा, आणि शिजलेल्यातले मूठभर वाटपाबरोबरच वाटून घाला. रस्सा दाट होतो. बरोबर आंबोळी किंवा वडे.

फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजीही तशीच. सुरणाचे काप रव्यात घोळवून तव्यावर टाकले तर सुरमईची आठवण येते. गोव्यात पावसाळ्यात अळम्यांची (रानातल्या मशरूमची) शागोती करतात, ती एकदा खाऊन बघा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. परदेशात कच्चा फणस डब्यात भरून मांसाला पर्याय म्हणून विकतात. पोत खरंच तसा लागतो, पण कच्च्या फणसात प्रथिनं शंभर ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅमच. पोट भरेल, प्रथिनं मिळणार नाहीत. काळ्या वाटाण्याचं तसं नाही.

आहारताई

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. प्रत्येकाला मी आधी उलट विचारते: हे पाकीट तुमच्या ताटात कशाच्या जागी येणार आहे? ते कळल्याशिवाय चांगलं-वाईट सांगताच येत नाही.

घाटवाट यांनी सांगितलेला गार्डनर यांचा प्रयोग खरा आहे आणि नीट केलेला आहे. त्याला असंच वनस्पतिजन्य मांस बनवणाऱ्या बियाँड मीट कंपनीने पैसे दिले होते, ते संशोधकांनी उघड सांगितलंय. पण तिथे तुलना कशाशी होती? मांसाशी, त्यातही बऱ्याचशा लाल मांसाशी. मुगाच्या उसळीशी नव्हती. रोज मटण-बर्गर खाणारा माणूस या पाकिटाकडे वळला तर मी त्याला थांबवणार नाही. पण उसळ खाणाऱ्या माणसाने उसळ बाजूला सारून पाकीट फोडलं तर तो तोट्यात जातो.

तोटा कुठे, ते सांगते. पहिलं मीठ. अमेरिकेतल्या प्रसिद्ध वनस्पतिजन्य पॅटीत, एका ११३ ग्रॅमच्या नगात, साधारण ३७० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. एका पॅटीवर कोण थांबतं? पाव, सॉस, चीज, चिप्स आलेच. कच्च्या मांसात मुळात सोडियम थोडं असतं, पण आपण स्वयंपाकात मीठ घालतोच, तेव्हा इथे मांसाला फार शाबासकी देऊ नका. दुसरं, खोबरेल तेल. पॅटी तव्यावर चरचरावी म्हणून बऱ्याच ठिकाणी ते वापरतात, आणि त्यातली चरबी बहुतांशी संपृक्त. तिसरं, तंतू. प्रथिन वेगळं काढताना कडधान्याची साल आणि पिष्ट मागे राहतं. अख्ख्या मटकीत ते सगळं जागच्या जागी असतं.

मेथिलसेल्युलोजला मात्र घाबरू नका. तो वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेला पदार्थ आहे, तापवला की घट्ट होतो, म्हणून पॅटी तव्यावर फुटत नाही. बद्धकोष्ठावरच्या औषधातही तो वापरतात. नाव ओळखीचं नाही म्हणून पदार्थ वाईट, हे काही खरं नाही.

अन्नावर किती प्रक्रिया झालीय त्यावरून गट पाडणारं 'नोव्हा' वर्गीकरण साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने मांडलं. त्यात ही पाकिटं चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियायुक्त गटात बसतात. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांवर प्रयोग केला. अतिप्रक्रियायुक्त जेवण समोर असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. तो प्रयोग या कबाबांवर नव्हता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण मऊ, खारट, पटकन गिळता येणारं अन्न जास्त खाल्लं जातं, हे मी रोज बघते.

आता प्रथिनांचा हिशोब. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात, ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत सहा-सात, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत जवळजवळ १५. दोन्ही वेळेला उसळ-भाकरी, मधल्या वेळेला दाणे आणि जोडीला वड्या, एवढ्यावर गणित सुटतं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते धान्यात, धान्यात कमी ते डाळीत. पिठलं-भाकरी म्हणूनच पुरी पडते.

मीठभाकर, मुलाला एक मात्र आजच सांगा. दूधही सोडलंय तर बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करायलाच हवी. कुठल्याही उसळीत ते मिळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं होतं. आणि ते काही व्हीगन, म्हणजे दूध-दहीही न घेणारे नव्हते!

शेवंती

मी न्यू जर्सीत राहते. इथे ही उत्पादनं सुपरमार्केटमध्ये मांसाच्याच शेल्फवर असतात, म्हणून थोडं इथलं लिहिते.

पॅट ब्राउन हे स्टॅनफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी २०११ मध्ये इम्पॉसिबल फूड्स काढली. त्यांचं म्हणणं, मांसाची चव मांसाची होते ती हीममुळे, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या लोहयुक्त घटकामुळे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत लेगहीमोग्लोबिन असतं. त्याचा जनुक यीस्टमध्ये घालून ते मोठ्या टाक्यांत तयार करतात. त्यामुळे पॅटी कच्ची असताना लाल दिसते आणि भाजल्यावर तपकिरी होते. दुसरी कंपनी बियाँड, ती वाटाण्याचं प्रोटीन आणि बीटचा रस वापरते. इंग्लंडचं क्वॉर्न याहून वेगळं, १९८५ पासून विकलं जातंय, आणि ते एका बुरशीपासून करतात. पण क्वॉर्नच्या बऱ्याच पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो. व्हीगन मंडळींनी पाकीट वाचूनच घ्यावं.

इथला उत्साह मात्र ओसरलाय. बियाँडचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला आला, जुलैत २०० च्या वर गेला, आणि नंतर कोसळत कोसळत मातीमोल झाला. लोकांनी कुतूहलाने एकदा घेतलं, पण परत फार जणांनी घेतलं नाही. मांसापेक्षा महाग आणि चवीला जवळपास, पण तंतोतंत नाही.

माझ्या मुलीच्या शाळेत मैत्रिणींच्या डब्यात नगेट्स असतात, तिलाही तेच हवे असतात. मी तिला शाळेत वेगळं पाडत नाही, अधूनमधून देते. पण रात्री ताटात वरण-भात, फोडणीचे मूग आणि लिंबाची फोड असतेच. माझा कल कुठे आहे ते यावरून कळेल. ज्या मुलाला डाळीची चव लहानपणी लागली, त्याला पुढे कुठल्याही देशात प्रथिनं शोधत फिरावं लागत नाही.

औसा_रोड

आम्ही लातूर जिल्ह्यातले, घरी सोयाबीन. सगळी चर्चा वाचली, पण शेताचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि १८ ते २० टक्के तेल. आम्ही ते बाजार समितीत घालतो, तिथून तेल गिरणीत जातं. तेल माणूस खातो, आणि प्रथिनाने भरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे आमच्या रानातलं प्रथिन कोंबडीच्या पोटातून माणसाच्या ताटात येतं, आणि वाटेत बरंच खर्ची पडतं. ते सरळ माणसाला मिळत असेल तर मला आनंदच आहे, वडी म्हणून मिळो की खिमा म्हणून.

रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये वनस्पतिजन्य मांसाची कंपनी काढली, तेव्हा आमच्याकडे बरीच चर्चा झाली, कारण ते घर लातूरचं. असे कारखाने सोयाबीनच्या पट्ट्यातच उभे राहिले पाहिजेत. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. पाकिटावरची किंमत बघतो आणि क्विंटलचा भाव बघतो, तेव्हा पोटात तुटतं. मधला पैसा कुठे जातो?

पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या वडिलांच्या काळात खरिपात मूग, उडीद, मटकी, तूर आणि ज्वारी असायची. घरचीच मटकी, घरचाच हुलगा, म्हणजे कुळीथ. सोयाबीन आलं आणि एकेक पीक बांधाबाहेर गेलं. आज आमच्याच गावात मटकी किराणा दुकानातून विकत आणतात. उसळीचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मुगाला आणि हुलग्याला नीट भाव आणि खात्रीची खरेदी मिळाली तर शेतकरी उद्या पेरेल. ताटातली उसळ टिकवायची असेल तर ती रानात टिकली पाहिजे.

आणि सोयाबीन घरी खायचं तर कच्चं दळू नका. कच्च्या दाण्यात पचन अडवणारा घटक असतो, शिवाय उग्र वास. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा, सालं चोळून काढा, कडक उन्हात वाळवा, मग दहा किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. पोळी मऊ होते आणि पोरांना कळतही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले होते, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही होतं. आपण मात्र ते अजून गिरणीलाच देतोय.

मीठभाकर

औसा_रोड दादा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. ताई, बी-१२ चं आज मुलाशी बोललो, तपासणी करून घेतो म्हणाला.

पाकिटांबद्दल माझं मत फारसं हललेलं नाही. पण 'कशाच्या जागी' हे आधी विचारायचं, ते मला पूर्ण पटलं. त्याच्या ताटात ती मटणाच्या जागी आली होती, आणि आता हळूहळू उसळीचीही जागा घेतायत. माझा विरोध या दुसऱ्या गोष्टीला आहे, आणि तो मी सोडणार नाही.

बाळंतशेपा

मी जुन्नर भागातली. मासवडीचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही?

बेसन चांगलं घट्ट शिजवायचं, चमचा उभा राहील इतकं. ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, हाताला पाणी लावत लावत. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर, तिखट यांचं सारण पसरायचं. मग फडक्याने उचलून गुंडाळी करायची आणि वरून दोन्ही हातांनी दाबून माशाच्या तुकडीसारखा आकार द्यायचा. गार झाली की सुरीने वड्या. शेजारी काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वड्या रश्श्यात आधी टाकून ठेवायच्या नाहीत, ताटात वाढताना सोडायच्या.

आमच्याकडे माळकरी पाहुणे आले की हाच मान असतो. मटणाच्या पंगतीत बसणारा माणूसही मासवडी असली की तक्रार करत नाही. विदर्भात पाटवडी-रस्सा तसाच. डाळीचं पीठ, तीळ आणि खोबरं, सगळं ओळखीचं, आणि पोटाला आधार देणारं.

याला वेळ लागतो, हे मी कबूल करते. नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या पोरांनी रोज मासवडी करावी असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी. मुलग्यांनीसुद्धा. मीठभाकर, तुमच्या मुलालाच थापायला बसवा.

घाटवाट

मावशी, मी या रविवारी करणार, आईला फोन करून सांगितलंसुद्धा. बेसन व्हीगन आहे, तीळ-खोबरं व्हीगन, मग मला आजवर कोणी का नाही सुचवलं?

माझा मुद्दा तरीही ठेवतो. ज्याने कालच मांस सोडलंय त्याला पहिल्या दिवशी वालाचं बिरडं पुढे करून "आता हेच खा" म्हणू नका. त्याला थोडा काळ कबाब खाऊ द्या. माझीही पाकिटं हळूहळू कमी झाली, ती कोणी हातातून काढून घेतली नव्हती.

आणि खरेदीबद्दल एक सूचना. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. दूधही नको असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं २०२२ पासून आलेलं वेगळं व्हीगन चिन्ह शोधा.

ताई, एक विचारायचं होतं. जिममधले लोक सांगतात सोयाने पुरुषांच्या हार्मोनवर परिणाम होतो. आणि माझ्या बहिणीला थायरॉइडची गोळी आहे, तिने सोया वड्या खाव्यात का?

आहारताई

घाटवाट, पुरुषांच्या हार्मोनची भीती मनातून काढून टाका. अनेक चाचण्या एकत्र करून तपासलं गेलंय, सोयाने टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही.

बहिणीसाठी मात्र वेळ पाळायला हवी. सोयामुळे थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोया दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवावं. आठवड्यातून दोन-तीन वेळा वड्या खायला हरकत नाही, फक्त एकदम खूप सुरू करू नयेत. जास्त खाणार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. मिठात आयोडीन आहे ना, तेही बघावं.

वड्यांना वास येतो म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात. मीठ घातलेल्या पाण्यात उकळा, ते पाणी फेका, गार पाण्यात घालून तळहातांत दाबून पिळा, परत गार पाणी, परत पिळा. मग दही किंवा चिंचेच्या कोळात मुरवा. वास जातो आणि मसाला आतपर्यंत शिरतो. आणि लोह अंगी लागावं म्हणून उसळीवर लिंबू पिळा, चहा जेवणाला लागून घेऊ नका.

शेवंती

कुडाळचो, इथल्या देशी दुकानात काळे वाटाणे मला कधी दिसले नाहीत, काळे चणे असतात. ते घालून सांबारं जमेल का? मुलीच्या मैत्रिणी शनिवारी जेवायला येणार आहेत.

कुडाळचो

जमेल की! चव थोडी वेगळी येईल, काळ्या वाटाण्याचा मातकट गोडवा चण्यात नाही, पण आमच्याकडेही वाटाणे नसले की चणेच घालतात. रात्रभर भिजवा, कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. ओला नारळ मिळत नसेल तर फ्रोझन खवलेलं खोबरं चालेल, मात्र भाजताना घाई करू नका, पाणी पूर्ण सुटून रंग बदलू दे. मुलींसाठी मसाला निम्मा घाला. आंबोळीचं पीठ शुक्रवारी सकाळीच भिजत टाका, तुमच्याकडे थंडी असेल तर आंबायला जास्त वेळ लागेल.